तळं सगळ्यांचं, वर्गणी मोजक्यांची

‘तळ्याकाठी घर’ असं नुसतं म्हटलं, तरी डोळ्यांपुढे एक चित्र उभं राहतं. निळंशार पाणी, काठावरची झाडं, संध्याकाळची झुळूक आणि हातात चहाचा कप! चित्र काही खोटं नाही. पण त्याला एक मागची बाजूही असते. तिथे असतात वर्गणीच्या पावत्या, सभेची इतिवृत्तं, काठाला साचलेलं शेवाळ, तुंबलेली सेप्टिक टाकी आणि शेजाऱ्याने धरलेला अबोला. ती मागची बाजूच आज मैत्रिणींना दाखवायची आहे.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात. इथल्या मोटारींच्या नंबरपाटीवर ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. म्हणजे बढाई मारतानासुद्धा ही माणसं थोडं कमीच सांगतात! यांतल्या वस्ती असलेल्या कितीतरी तळ्यांना काठावरच्या घरमालकांची एक संघटना असते. आपल्याकडच्या हाउसिंग सोसायटीची ही लांबची बहीण म्हणा ना. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, वार्षिक सभा, ठराव, अनुमोदन, सगळं तेच. शेवटी ज्याने त्याने घरून करून आणलेल्या पदार्थांचं एकत्र जेवण. फरक एकच, पण मोठा. सोसायटीचं सभासदत्व चुकवता येत नाही, या संघटनेचं मात्र ऐच्छिक असतं. मनात आलं तर वर्गणी भरा, नाही तर नका भरू. सगळ्या भांडणांचं मूळ इथेच आहे, पण ते पुढे सांगते.

संघटनेचं एक छोटं बातमीपत्र निघतं. त्यातल्या बातम्या वाचून पहिल्या वर्षी मला गंमत वाटली होती. तळ्यावरचं बर्फ यंदा कोणत्या तारखेला फुटलं, लून पक्ष्याच्या जोडीने घरटं कुठे केलं (लून हा १९६१ पासून या राज्याचा पक्षी, त्याचं भारी कौतुक!), वादळात कुणाचा लाकडी धक्का सुटून पलीकडच्या काठाला लागला, चार जुलैच्या आतषबाजीचा कचरा कुणी उचलायचा. गावच्या पारावरच्या गप्पाच जणू. पण दोनचार अंक वाचले, की कळतं, या हलक्याफुलक्या बातम्यांच्या मधूनमधून तेच ते चार प्रश्न डोकं वर काढतात.

पाणी कुणाच्या मालकीचं?

पहिला प्रश्न मालकीचा. काठावरची जमीन आपली, मग समोरचं पाणीही आपलंच, असं वाटणं साहजिक आहे. कायदा मात्र तसं म्हणत नाही. सार्वजनिक तळ्याचं पाणी सगळ्या जनतेचं असतं. सरकारने बोट उतरवायला रस्ता ठेवलेला असेल, तर शहरातून आलेला कुणीही माणूस तुमच्या दारासमोर गळ टाकून बसू शकतो. तुम्हाला फार तर हसून हात हलवता येतो! एवढंच काय, पाण्यात उगवलेलं गवतही सरकारचं. स्वतःच्या धक्क्याजवळ पोहण्यापुरती थोडी जागा मोकळी करायला हरकत नसते, पण त्यापलीकडे वनस्पती काढायच्या किंवा औषध मारायचं, तर राज्याच्या नैसर्गिक संपत्ती खात्याचा परवाना लागतो.

सध्याचा ताजा वाद लाटांचा आहे. मुद्दाम उंच लाटा उठवणाऱ्या नव्या बोटी आल्या आहेत. मागे फळी घेऊन तरुण मुलं त्या लाटेवर तरंगतात. बघायला छान, पण ती लाट काठावर येऊन आपटते आणि माती ओढून नेते. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली आणि अशा बोटी काठापासून निदान ५०० फूट लांब चालवाव्यात, असं सुचवलं. लहान तळ्यात दोन्ही काठांपासून ५०० फूट सोडले, तर मधे उरतं किती? त्यामुळे एका घरात नातवाची बोट आणि दुसऱ्या घरात ढासळणारा काठ, असा सामना आमच्याकडेही झडतो.

हिरवं पाणी आणि आपलं स्वयंपाकघर

दुसरा प्रश्न शेवाळाचा, आणि तो थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतो. उन्हाळ्याच्या अखेरीला काही तळ्यांचं पाणी पालकाच्या सुपासारखं दिसायला लागतं. कशामुळे? याचं उत्तर फार सुंदर रीतीने शोधलं गेलं आहे. डेव्हिड शिंडलर हे मिनेसोटात वाढलेले शास्त्रज्ञ. १९७३ साली त्यांनी कॅनडात ओंटारिओतल्या ‘२२६ नंबर’च्या तळ्यात एक प्रयोग केला. तळं कमरेशी अरुंद होतं. तिथे प्लॅस्टिकचा पडदा लावून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांत नायट्रोजन आणि कार्बन घातला, एकाच भागात त्याशिवाय फॉस्फरस घातला. फॉस्फरस घातलेला भाग हिरवागार झाला, दुसरा तसाच स्वच्छ राहिला. विमानातून काढलेला तो फोटो मग जगभर गाजला. त्यानंतर गुन्हेगार कोण यावर वाद घालायला फारशी जागा उरली नाही.

इथे असं सांगतात, की एक पौंड फॉस्फरसवर पाचशे पौंडांपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. आता हा फॉस्फरस येतो कुठून? शेतातून येतो, रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यातून येतो, आणि घरातूनही येतो. हिरवळीच्या खतातून, सडलेल्या पानांतून, साबणातून, अन्नातून आणि मैल्यातून. मिनेसोटाने २००५ पासून राज्यभर हिरवळीला फॉस्फरसयुक्त खत घालायला बंदी केली. नवी हिरवळ लावायची असेल किंवा माती तपासून गरज दिसली असेल, तरच सूट. खताच्या पिशवीवर तीन आकडे असतात, त्यांतला मधला शून्य हवा, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. १ जुलै २०१० पासून भांडी धुण्याच्या यंत्राच्या साबणातलं फॉस्फेटही अर्ध्या टक्क्यावर आणलं गेलं. तेव्हा अनेक राज्यांनी मिळून एकदमच हा नियम लागू केला होता.

मैल्याची गोष्ट जरा स्पष्टच बोलते. तळ्याकाठच्या बहुतेक घरांना गावाची गटारं नसतात. प्रत्येकाची आपापली सेप्टिक टाकी आणि पुढे पाणी जमिनीत मुरवायचं शेत. टाकी भरली तरी वर काही दिसत नाही. दिसतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून दर तीन वर्षांनी तरी ती तपासायची आणि गरज असेल तर उपसायची, असा इथला नियम. टाकी सांभाळणं हे मात्र पुरुषांपेक्षा बाईच्याच हातात असतं. ते कसं, पाहा :

तळणीचं तेल, तुपाची बेरी, फोडणीचा चिकटा सिंकमध्ये धुऊ नये. कढई आधी कागदाने पुसावी, तेल थंड झाल्यावर बरणीत भरून कचऱ्यात टाकावं.

सिंकखाली उष्टं दळणारं यंत्र असलं, तरी ते शक्यतो वापरू नये. उरलेलं वरण, भात, भाज्यांची देठं दळून टाकीतच जातात आणि गाळ भराभर वाढतो. देठं, सालं खतखड्ड्यात घालावीत.

आठवड्याचे सगळे कपडे रविवारी एकदम धुऊ नयेत. रोज थोडे धुवावेत. एकदम खूप पाणी आलं, की टाकीतला गाळ खाली बसायच्या आतच पुढे ढकलला जातो.

पुसायचे ओले कागद, कापूस, पॅड असलं काहीही शौचकुपात टाकू नये, वेष्टनावर काहीही लिहिलेलं असो.

‘शेवाळाचं एवढं काय, ते काय खातंय?’ असं कुणी म्हणेल, तर त्यांनी ओहायोतल्या टोलेडो शहराचं उदाहरण आठवावं. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातल्या निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष नळाच्या पाण्यात आलं आणि चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. यातली सगळ्यांत ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की हे पाणी उकळून चालत नाही. उकळल्याने विष जात नाही. पाण्याची वाफ होते आणि उरलेल्यात विष जास्तच दाट होतं. एरवी ‘पाणी उकळून घ्या’ हा आपला रामबाण, तो इथे उलटा बसतो. म्हणून पाणी रंग सांडल्यासारखं हिरवं दिसलं, की मुलांना आणि कुत्र्याला काठावरूनच मागे घ्यायचं. कुत्री तर अशा पाण्याने दगावलेली आहेत.

न बोलावलेले पाहुणे

तिसरा प्रश्न परक्या जीवांचा. अंगावर पट्टे असलेला नखाएवढा झेब्रा शिंपला युरोपातून जहाजांच्या तळातल्या पाण्याबरोबर आला आणि १९८८ साली अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरच्या सेंट क्लेअर तळ्यात सापडला. पुढच्याच वर्षी तो मिनेसोटातल्या डुलुथ बंदरात पोहोचला. मादी लाखांनी अंडी घालते. धक्का, बोट, पाण्याचा पाइप, जे कठीण मिळेल त्याला हे शिंपले चिकटतात. त्यांच्या धारेने मुलांचे तळपाय कापतात, म्हणून पोहायला जाताना पायात रबरी जोडे. दुसरा पाहुणा मिलफॉइल नावाची पाणवनस्पती. तिचा बोटभर तुकडा तुटून पडला, तरी तो नवीन मूळ धरतो. मिनेटोंका या मोठ्या सरोवरात मिलफॉइल १९८७ साली आढळली आणि झेब्रा शिंपले २०१० साली.

एकदा हे पाहुणे घरात शिरले, की त्यांना पुरतं घालवणं जवळजवळ अशक्य. म्हणून सगळा भर दाराशीच अडवण्यावर. बोट पाण्याबाहेर काढली, की तिला चिकटलेलं गवत काढायचं, पाणी ओतून टाकायचं आणि बुडाचं बूच काढूनच ती रस्त्यावर आणायची, असा कायदा आहे. संघटना सुट्टीच्या दिवशी बोटी तपासायला माणसं ठेवते. सभेत या विषयावर आवाज चढतात. ‘हे सगळं बाहेरून येणाऱ्या बोटवाल्यांमुळे’, असा काठावरच्यांचा सूर. पण ते काही पूर्ण खरं नाही. जुना धक्का किंवा बोट उचलायची चौकट एका तळ्यातून काढून दुसऱ्या तळ्यात लावायची, तर मधे २१ दिवस ती कोरडी ठेवावी लागते. हा नियम शहरातून गळ घेऊन येणाऱ्यासाठी नाही. तो स्वस्तात जुना धक्का विकत घेणाऱ्या आपल्यासारख्या घरमालकांसाठीच आहे. बोट दाखवताना उरलेली बोटं कुणाकडे वळतात, ते इथेही पाहायला हवं.

हिरवळ की पाणकणीस?

चौथा प्रश्न वरकरणी सौंदर्याचा. घरापासून पाण्यापर्यंत कापलेली मखमली हिरवळ हवी, की काठाला गवत, झुडपं, पाणकणीस वाढू द्यायचं? पाणकणसाकडे पाहून ‘किती हे रान माजलंय’ असं म्हणणारे शेजारी आहेत. पण त्याची मुळं काठ धरून ठेवतात, लाटेचा जोर मोडतात, पावसाबरोबर येणारी माती आणि खत अडवतात, माशांच्या पिलांना आसरा देतात. शिवाय बदकांसारखे मोठाले कॅनडा गीज कापलेल्या हिरवळीवर कळपाने उतरतात आणि जी घाण करतात, ती काय वर्णावी! उंच गवतात लपलेला शत्रू दिसत नाही, म्हणून तिकडे ते सहसा फिरकत नाहीत. ज्या घरांनी काठाला दहापंधरा फूट रुंदीचा पट्टा न कापता सोडला, त्यांच्या अंगणात पोरं अनवाणी खेळू शकतात, हे मी डोळ्यांनी पाहते आहे.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट. पायऱ्यांवरचं बर्फ वितळावं म्हणून इथे मीठ टाकतात. एक चहाचा चमचा मीठ पाच गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर पाणी जलचरांना अपायकारक करायला पुरतं, असं इथलं प्रदूषण खातं सांगतं. आणि मीठ एकदा तळ्यात गेलं, की ते परत काढता येत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर बटाटा घालून वेळ मारून नेता येते, तळ्यात बटाटा घालून चालत नाही! फावड्याने आधी बर्फ ओढून काढायचं आणि उरलेल्या निसरड्या जागेपुरतंच मीठ चिमटीने टाकायचं, हे खरं.

थाळी बुडवणाऱ्या बायका

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेलं काम म्हणजे पाण्याची पारदर्शकता मोजणं. आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरू-ज्योतिर्विदाने १८६५ साली भूमध्य समुद्रात पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलवर दिसते, हे पाहिलं. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची थाळी वापरतात. होडीतून ती खाली सोडायची. दिसेनाशी झाली, की दोरीवरची खूण वाचायची. बस्स! मिनेसोटात १९७३ पासून साधी नागरिक मंडळी ही नोंद ठेवत आली आहेत. आमच्या तळ्यावर हे काम ऐंशीच्या घरातल्या एक बाई करतात. इथल्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना नावानेच हाक मारतात. माझी मात्र जीभ वळत नाही, मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. गेल्या उन्हाळ्यापासून होडी वल्हवायला मी त्यांच्याबरोबर जाते. त्यांच्या वहीतले आकडे मी शाळेतल्या मुलांना आलेख काढायला दिले. ज्या वर्षी पाऊस जास्त, त्या वर्षी पाणी गढूळ, हे मुलांनी स्वतःच शोधून काढलं. सभेत तावातावाने बोलणारे पुष्कळ असतात. पण वाद मिटतो तो आजींची वही उघडल्यावरच.

आणि हे आकडे नुसते हौसेचे नाहीत. मिसिसिपी नदीच्या उगमाकडच्या तळ्यांचा बेमिजी राज्य विद्यापीठाने अभ्यास केला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पाणी जितकं नितळ, तितकी काठावरच्या जागेला किंमत जास्त, असं त्यात दिसून आलं. ज्यांनी आयुष्यभराची पुंजी या घरांत घातली आहे, त्यांना पुढचं गणित सांगायला नको.

वर्गणीचा प्रश्न

आता मूळ भांडणाकडे येते. मिलफॉइलला औषध मारायचं, बोटी तपासायला माणसं ठेवायची, पाण्याचे नमुने पाठवायचे, सगळ्याला पैसा लागतो. वर्गणी भरतात ती ठरावीक घरं. नितळ पाण्यात पोहतात मात्र सगळे. म्हणून काही जणांनी सुचवलं आहे, की संघटनेऐवजी कायद्याने मिळणारा ‘तळे सुधार विभाग’ करून घ्यावा. बहुसंख्य घरमालकांनी अर्ज केला, तर काउंटी म्हणजे जिल्ह्याची सरकारी समिती असा विभाग स्थापन करू शकते. मग खर्चाचा वाटा प्रत्येक घरमालकाला भरावाच लागतो.

गेल्या सभेत यावरून जे झालं, ते पाहून मला आमच्या पुण्याच्या सोसायटीची आठवण झाली. ‘मी वर्षातून सहा आठवडे येतो, मी बारा महिन्यांचा वाटा का भरू?’ असं एक गृहस्थ म्हणाले. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या एक बाई उठल्या. त्यांचा आवाज कापत होता. ‘घर माझ्या वडिलांनी बांधलं. कर आत्ताच झेपत नाहीत. अजून एक लादलात, तर मला विकून जावं लागेल.’ सभेत क्षणभर कुणी बोललं नाही. दुसरे एक जण म्हणाले, ‘आणि तळं बिघडलं, तर विकायलासुद्धा काही उरणार नाही.’ दोघांचंही खोटं नव्हतं, हीच तर अडचण.

आमचे हे म्हणतात, कायद्याने सक्ती केल्याशिवाय माणूस पैसे काढत नाही. मला ते बऱ्याच अंशी पटतं. फायदा सगळ्यांचा असेल तर भार सगळ्यांनी उचलावा, हा साधा न्याय आहे. पण त्या बाईंना घर सोडावं लागणार असेल, तर तो न्याय कसला? म्हणून वर्षाच्या वाट्याला वरची मर्यादा हवी, आणि ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी काही सोय असावी, मग ती इतरांच्या देणग्यांतून का होईना. या दोन अटी अर्जाबरोबरच लिहून द्याव्यात, अशी सूचना मी आणि आणखी काही जणींनी मिळून लेखी दिली आहे.

आणि आपल्याकडे?

ही परक्या देशाची कथा म्हणून बाजूला ठेवू नका. कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई, पुण्याचा पाषाण तलाव, या पाण्यांवर पसरणारी जलपर्णी मैलापाण्यातल्या याच फॉस्फरस-नायट्रोजनवर पोसते. इथे प्रत्येक घराची टाकी, तिथे साऱ्या वस्तीचं गटार, एवढाच फरक. ‘लेक व्ह्यू’ म्हणून जास्त पैसे मोजून घेतलेल्या घराच्या खिडकीतून हिरवी चादर आणि डास पाहायचे नसतील, तर सोसायटीच्या सभेत एक प्रश्न विचारा : आपलं मैलापाणी नेमकं जातं कुठे? प्रक्रियेचं यंत्र बसवलं असेल, तर ते रोज चालतं का? हा प्रश्न बायकांनी विचारला, की टाळता येत नाही, असा माझा अनुभव आहे.

आणि एक सोपा उद्योग. पाण्यापर्यंत पक्का धक्का असेल, तर वीस सेंटिमीटरची स्टीलची ताटली पांढरी रंगवा, वजन बांधा, दोरीला दर दहा सेंटिमीटरवर खूण करा. पंधरवड्यातून एकदा, दुपारच्या उन्हात, दोघीतिघींनी मिळून जा. एकटीने किंवा मुलांना एकटं पाठवून मुळीच नाही. ताटली किती खोलवर दिसते, ते वहीत मांडा, शेजारी पावसाची नोंद ठेवा. वर्षभराने नगरपालिकेत तक्रार घेऊन जाल, तेव्हा तुमच्या हातात नुसती कुरकुर नसेल, आकडे असतील.

आमची सभा येत्या ऑगस्टमध्ये आहे. अर्ज मंजूर होईल की नाही, हे आज कुणीच सांगू शकत नाही. मी मात्र दोन अटींसह हात वर करणार आहे. जेवणासाठी बटाटेवडे माझ्याकडे आहेत, आणि त्या तळणीचं तेल कुठे जाणार, ते आता तुम्हाला सांगायला नकोच!